अ‍ॅब्लेशननंतर परत आलेली व्हीटी : "जागा अवघड होती" म्हणजे नेमके काय?

हृद्गती (धागाकर्ता)

नमस्कार. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, म्हणजे निलयांतून उठणारे अवेळी ठोके किंवा व्हीटी यांवर अ‍ॅब्लेशन (कॅथेटर या बारीक नळीने हृदयात ऊर्जा देऊन दोषी जागा निकामी करणे) करून घेतलेले रुग्ण काही महिन्यांनी दुसऱ्या मतासाठी येतात, तेव्हा फाइलसोबत बहुधा एकच वाक्य आणतात : "डॉक्टर म्हणाले, जागा अवघड होती." एवढ्या वाक्यावर पुढचा कोणताही निर्णय घेता येत नाही. जागा स्नायूत खोल होती, हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर होती, कोरोनरी धमनीला खेटून होती, की तपासणीच्या टेबलावर ठोके आलेच नाहीत म्हणून ती सापडलीच नाही, यावर पुढचा उपाय ठरतो. आणि एका शक्यतेचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. त्यामुळे दुसरे अ‍ॅब्लेशन करायचे की नाही, याआधी पहिल्या वेळी जागा कुठे दिसली आणि तिथे हात का थांबला, हे विचारले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी इलेक्ट्रोफिजिऑलॉजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युतलयीच्या शाखेत, काम करतो. येथे कोणाच्याही रिपोर्टवर उपचार सांगणार नाही, परंतु विषय समजावून सांगण्याचा मनापासून प्रयत्न करीन.

प्राथमिक माहिती थोडक्यात देतो. एकटादुकटा अवेळी ठोका म्हणजे व्हीपीसी, आणि असे ठोके सलग, वेगाने येऊ लागले की ती व्हीटी. निरोगी हृदयातल्या व्हीपीसी बहुतेक वेळा उजव्या निलयाच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या तोंडापाशी उगम पावतात. तिथे कॅथेटर सहज पोहोचतो आणि यशही चांगले मिळते. दिवसभरातल्या सुमारे एक लाख ठोक्यांपैकी व्हीपीसींचे प्रमाण किती, हे होल्टर (दिवसभर अंगावर लावलेला ईसीजी) सांगतो. मिशिगन विद्यापीठाच्या २०१० मधल्या अभ्यासात हे प्रमाण २४ टक्क्यांच्या वर असणाऱ्यांमध्ये हृदयाचे पंपिंग बिघडण्याचा धोका ठळकपणे वाढलेला आढळला, आणि १० टक्क्यांच्या खाली तसे बिघडलेले रुग्ण त्यांना दिसले नाहीत. म्हणूनच काहीही त्रास नसलेल्या, पण प्रमाण मोठे असलेल्या माणसालाही आम्ही नियमित इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतो.

आता अवघड जागांकडे वळतो. सर्वांत चर्चेतली जागा म्हणजे डाव्या निलयाचे शिखर, ज्याला आम्ही एलव्ही समिट म्हणतो. डावी मुख्य कोरोनरी धमनी जिथे दोन शाखांत विभागते, त्या दोन शाखांच्या बेचक्यात, डाव्या निलयाच्या बाहेरच्या अंगाला असलेला हा त्रिकोणी भाग. त्याच्या मधून हृदयाची मोठी शीर जाते आणि त्रिकोणाचे दोन भाग करते. शिरेच्या खालच्या, बाजूच्या भागात हृदयावरणातून कॅथेटर नेऊन काम करणे काही वेळा शक्य होते. शिरेच्या वरचा भाग मात्र धमन्यांच्या इतका जवळ आणि चरबीच्या इतक्या जाड थराखाली असतो, की तिथे बाहेरून ऊर्जा देणे धोक्याचे तर असतेच, शिवाय चरबीमुळे ती स्नायूपर्यंत नीट पोहोचतही नाही. धमनी ५ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक जण तिथे ऊर्जा देत नाहीत, आणि अंतर पाहण्यासाठी कॅथेटर जागेवर ठेवूनच कोरोनरी अँजिओग्राफी केली जाते. पहिल्या वेळी हात थांबण्याचे हे अगदी योग्य कारण असते. ते रुग्णाला समजावून सांगितले जात नाही, एवढीच माझी खंत आहे.

शिखराखेरीज आणखी जागा आहेत. झडपांच्या दोऱ्या ज्या स्नायुस्तंभांना बांधलेल्या असतात ते पॅपिलरी स्नायू प्रत्येक ठोक्यासरशी हलतात, त्यामुळे कॅथेटर त्यांवरून घसरतो. तिथे हृदयाच्या आत नेलेल्या सोनोग्राफीच्या प्रोबशिवाय काम करू नये असे मला वाटते. दोन निलयांमधला पडदा जाड असतो आणि त्याच्या पोटात दडलेली जागा डावीकडून वा उजवीकडून कुठूनही पुरेशी जवळ नसते. हृदयाच्या मागच्या बाजूला, चारही कप्पे जिथे एकत्र येतात तिथे क्रक्स नावाची जागा आहे. तीही धमनी आणि शिरा यांच्या शेजारात आहे.

यातले बरेचसे साध्या ईसीजीवरून आधीच ओळखता येते, आणि मला या विषयात सर्वाधिक आनंद देणारा भाग हाच आहे. छातीवरच्या लीडमध्ये (व्ही-१ ते व्ही-६ या नोंदींत) व्हीपीसीचा क्यूआरएस (निलयांच्या ठोक्याची मोठी रेघ) सुरू होतो तेव्हापासून त्याचे सर्वांत उंच किंवा खोल टोक येईपर्यंत किती वेळ लागतो, ते मोजायचे आणि क्यूआरएसच्या पूर्ण रुंदीने भागायचे. उत्तर ०.५५ किंवा अधिक आले, तर उगम बाहेरच्या पृष्ठभागावर असण्याची शक्यता वाढते, कारण बाहेरून निघालेली लहर आतल्या जलद वाहक जाळ्यापर्यंत उशिरा पोहोचते आणि सुरुवातीची रेघ उतरती, आळसावलेली दिसते. दुसरी खूण व्ही-२ मध्ये असते. व्ही-१ आणि व्ही-३ मध्ये उभी असलेली आर लहर (क्यूआरएसचे वरचे टोक) मधल्या व्ही-२ मध्ये एकाएकी लहान झाली, तर उगम पुढच्या खाचेत, डाव्या पुढच्या धमनीच्या शेजारी आहे असा संशय घ्यावा. कागदावर तीन लीड एकाखाली एक छापलेले असतात; त्यांतला मधला खाली दबलेला दिसला की कॅथ लॅबमध्ये जाण्यापूर्वीच घरच्यांशी बोलणे वेगळे करावे लागते. अर्थात छातीवरचे इलेक्ट्रोड एक बरगडी वर-खाली लागले तरी हे चित्र बदलते, म्हणून असा ईसीजी मी स्वतः उभा राहून काढून घेतो.

अंजनवेल

डॉक्टर, धाग्यासाठी मनःपूर्वक आभार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. दहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका, त्यानंतर बायपास, दोन वर्षांपूर्वी आयसीडी (छातीत बसवलेले, शॉक देणारे यंत्र), आणि मागील वर्षी शॉक बसू लागल्यावर व्हीटीचे अ‍ॅब्लेशन. आता पुन्हा शॉक बसला. ज्या रुग्णालयात अ‍ॅब्लेशन झाले तिथून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर "प्रोसीजर पार्शली सक्सेसफुल" याखेरीज एक ओळ नाही. आयसीडी बसवले असताना व्हीटी पुन्हा का येते, आणि आता अ‍ॅमिओडेरॉन (लय आवरणारे औषध) वाढवायचे की पुन्हा अ‍ॅब्लेशन, हे आम्हाला कोणी नीट सांगत नाही. बाबा शॉकच्या भीतीने आंघोळीलाही दार उघडे ठेवून जातात.

हृद्गती

अंजनवेल, तुमच्या वडिलांची भीती अगदी खरी आहे आणि तिच्याकडे उपचाराचाच भाग म्हणून पाहिले पाहिजे. आयसीडी व्हीटी सुरू होण्यापासून रोखत नाही. सुरू झालेली व्हीटी ते ओळखते आणि आधी जलद पेसिंगने (छोट्या विद्युतठोक्यांनी), नाहीतर शॉकने मोडते. डॉ. मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून १९८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसात बसवले गेले तेव्हापासून त्याचे मूळ काम प्राण वाचवणे हेच आहे. शॉकची संख्या कमी करण्याचे काम यंत्राच्या सेटिंगने, औषधाने किंवा अ‍ॅब्लेशनने करावे लागते. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे आयसीडी तपासून घ्या. शॉक खरोखर व्हीटीलाच बसला होता का, पेसिंगने ती मोडण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता का, हे यंत्राच्या नोंदींत स्पष्ट दिसते.

झटक्यानंतरच्या व्हीटीची जात वेगळी असते. मेलेल्या स्नायूच्या व्रणात काही जिवंत धागे शिल्लक राहतात, त्यांतून विद्युतलहर हळूहळू वाट काढते आणि गोल फिरत राहते. अ‍ॅब्लेशनमध्ये ही वाट तोडायची असते. ती व्रणाच्या आतल्या थरात असेल तर काम होते. भिंतीच्या मधोमध किंवा बाहेरच्या थरात असेल तर आतून दिलेली ऊर्जा तिथवर पोहोचत नाही. बायपास झालेल्या रुग्णात बाहेरून जाणेही सोपे नसते, कारण शस्त्रक्रियेनंतर हृदयावरण हृदयाला चिकटलेले असते. "पार्शली" या शब्दामागे कदाचित हेच असेल, कदाचित एक व्हीटी गेली आणि दुसरी उरली असेही असेल. तुम्ही त्या विभागाकडे प्रोसीजर रिपोर्ट आणि मॅपिंगची (हृदयातल्या विद्युतलहरींच्या नकाशाची) चित्रे लेखी अर्ज करून मागा. ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

औषध की अ‍ॅब्लेशन, याबद्दल चांगले पुरावे आहेत. झटका येऊन गेलेले, आयसीडी असलेले आणि औषध चालू असूनही व्हीटी येणारे २५९ रुग्ण घेऊन २०१६ मध्ये व्हॅनिश अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात औषध वाढवण्यापेक्षा अ‍ॅब्लेशन सरस ठरले. २०२४ मध्ये व्हॅनिश-२ आला, त्यात ४१६ रुग्णांमध्ये सुरुवातीलाच अ‍ॅब्लेशन करणे आणि सोटॅलॉल किंवा अ‍ॅमिओडेरॉन देणे यांची तुलना झाली. मृत्यू, व्हीटीचे वादळ (एका दिवसात पुन्हा पुन्हा येणारी व्हीटी), शॉक वगैरे मिळून धरलेल्या घटना अ‍ॅब्लेशनच्या गटात ५०.७ टक्के आणि औषधांच्या गटात ६०.६ टक्के लोकांत घडल्या. फरक खरा आहे, पण अ‍ॅब्लेशननंतरही निम्म्या लोकांना काही ना काही घडले, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून पुन्हा अ‍ॅब्लेशन करायचे झाल्यास ते पहिल्याच पद्धतीने करण्यात अर्थ नाही. या वेळी वेगळे काय करणार, हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा.

बाभूळबन

मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे मध्यरात्री धडधड आणि घाम घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी रुंद क्यूआरएसचा, १८० च्या वेगाचा निघतो आणि जिल्ह्याचे ठिकाण दीड तास दूर असते. आमच्यासाठी प्रश्न कुठली जागा हा नसून ही व्हीटी आहे की नाही, एवढाच असतो. पाठ्यपुस्तकातील निकष त्या घाईत आठवत नाहीत. शिवाय काही जण व्हेरापामिल हे औषध देऊन व्हीटी थांबल्याचेही सांगतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

हृद्गती

डॉक्टर, तुमचा प्रश्न या धाग्यात सर्वांत आधी यायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. प्रौढ माणूस, त्यातही पूर्वी झटका येऊन गेलेला किंवा पंपिंग कमी असलेला, आणि रुंद क्यूआरएसची नियमित जलद लय, तर ती व्हीटीच समजावी. रक्तदाब चांगला आहे म्हणून ती व्हीटी नाही, हा समज घातक आहे. व्हीटीत माणूस बसून बोलू शकतो. ईसीजीवरून व्हीटी ओळखण्याचे ब्रुगाडा यांचे १९९१ चे निकष मोलाचे आहेत, पण रात्री दोन वाजता मी तीन गोष्टी पाहीन : पी लहरी (वरच्या कप्प्यांच्या) क्यूआरएसशी नाते न ठेवता आपल्या वेगाने चालल्या आहेत का, मध्येच एखादा अरुंद ठोका डोकावतो का, आणि एव्हीआर लीडमध्ये सुरुवातीलाच मोठी उभी आर आहे का. यांतले काही दिसले नाही तरी व्हीटी नाही असे ठरत नाही.

व्हेरापामिलबद्दल तुम्ही ऐकलेले खोटे नाही, आणि धोका त्यातच आहे. डाव्या बाजूच्या वाहक तंतूंतून उठणारी एक व्हीटी तरुण, निरोगी हृदयाच्या माणसांत दिसते. झाइप्स यांनी १९७९ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती व्हेरापामिलने थांबते हे १९८१ मध्ये बेलासेन यांनी दाखवले. तिचा क्यूआरएस फार रुंद नसतो, उजव्या बंडल ब्लॉकसारखा दिसतो आणि अक्ष डावीकडे असतो. तिच्यासाठी व्हेरापामिल योग्यच. तेच औषध व्रणातून आलेल्या व्हीटीत शिरेतून दिले, तर रक्तदाब कोसळून रुग्ण दगावू शकतो. त्यामुळे निदान पक्के नसताना ते देऊ नये. रुग्णाची शुद्ध हरपत असेल, रक्तदाब पडला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर औषधांत वेळ न घालवता सिंक्रोनाइज्ड (ठोक्याशी वेळ जुळवलेला) शॉक द्यावा. नाडीच लागत नसेल तर सीपीआर आणि तत्काळ शॉक.

एक कळकळीची विनंती मात्र करतो. रुग्ण स्थिर असेल, तर शॉक किंवा औषध देण्यापूर्वी चालू व्हीटीचा बारा लीडचा ईसीजी अवश्य काढा. मॉनिटरवरची एक लीडची पट्टी आम्हाला जागा सांगत नाही. कागद टेबलावर सपाट ठेवून, सावली न पडता, चारही कोपरे येतील असा फोटो काढा आणि मूळ कागद रुग्णासोबत द्या. अनेकदा पुढे आमच्या टेबलावर ती व्हीटी सुरूच होत नाही, आणि मग तुमच्या दवाखान्यात काढलेल्या त्या एका कागदाशी पेसिंगचे ठोके जुळवून आम्ही जागा शोधतो.

आडवाट

मी छातीविकार तज्ज्ञ आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहितो. आपल्या देशात पंपिंग चांगले, कोरोनरी धमन्या स्वच्छ आणि तरीही व्हीटी, असा चाळिशीतला रुग्ण आला, तर क्षयरोग आणि सार्कोइडोसिस (अवयवांत दाहगाठी करणारा आजार) यांचा विचार झालाच पाहिजे. हैदराबादच्या डॉ. कालंबूर नरसिंहन यांच्या गटाने २०११ मध्ये अशाच रुग्णांचे काम प्रसिद्ध केले. पंपिंग टिकून असलेल्या, व्हीटी असलेल्या या लोकांच्या छातीच्या मधल्या भागातील लसिकाग्रंथी वाढलेल्या होत्या आणि तिथल्या तपासणीत दाहगाठी सापडल्या. आमच्याकडे अशा रुग्णांच्या ग्रंथींतून ब्राँकोस्कोपीच्या सोनोग्राफीने नमुना घेतला जातो. माझा अनुभव असा, की हृदयाचे डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन मागवत नाहीत आणि आम्ही ईसीजी पाहत नाही, या दोहोंच्या मध्ये निदान राहून जाते.

हृद्गती

आडवाट, पूर्णपणे सहमत. अवघड जागेच्या व्हीटीतला हा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. दाहगाठी बहुधा निलयांमधल्या पडद्याच्या जाडीत घर करतात, म्हणजे नेमक्या तिथे जिथे कॅथेटर पोहोचत नाही. दाह पेटलेला असताना अ‍ॅब्लेशन केले, तर एक वाट तोडावी आणि काही आठवड्यांनी दुसरी उघडावी, असे घडते. अशा वेळी आधी हृदयाचा एमआरआय आणि पेट स्कॅन, मग ग्रंथींचा नमुना, मग क्षयरोगाची औषधे किंवा स्टेरॉइड, आणि तरीही व्हीटी राहिलीच तर अ‍ॅब्लेशन, हा क्रम मला योग्य वाटतो. क्षयरोग नाकारल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे आहे, हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

पेट स्कॅनबाबत एक व्यवहारातली गोष्ट सांगतो, कारण ती चुकली की महागडी तपासणी वाया जाते. निरोगी हृदयही साखर वापरू शकते आणि स्कॅनमधले औषधही साखरेसारखेच असते. त्यामुळे तयारी नसेल तर अख्खे हृदय चमकते आणि दाह कुठे आहे ते दिसतच नाही. म्हणून आदल्या दिवशी भात, पोळी, भाकरी, डाळ, फळे, दूध, साखरेचा चहा हे सगळे बंद ठेवून अंडी, पनीर, मासे, चिकन, तूप असे खायला सांगतात आणि नंतर रात्रभर उपाशी ठेवतात. स्कॅनच्या सकाळी कोणी मायेने ग्लुकोज बिस्किट दिले, तरी सगळी तयारी फुकट जाते. शाकाहारी आणि मधुमेही रुग्णांनी त्या केंद्राकडून लेखी आहार आधीच मागून घ्यावा. मधुमेहाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

दर्यावर्दी

मी अभियंता आहे, रुग्ण नाही. माझ्या पत्नीच्या व्हीपीसींमुळे या विषयाचे वाचन करतो आहे. आतून जाता येत नाही आणि बाहेरून जायला धमनी आडवी येते, तर मग उपाय कोणते उरतात? हृदयावरणात सुई घालण्याची कल्पना ऐकूनच अंगावर काटा येतो.

हृद्गती

सुईची कल्पना ब्राझीलमधून आली, आणि गरजेपोटी आली. दक्षिण अमेरिकेत एका किड्यामार्फत पसरणारा शागास रोग आहे. कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात हृदयाच्या स्नायूत व्रण पडतात आणि ते पुष्कळदा बाहेरच्या थरात असतात, त्यामुळे आतून केलेले अ‍ॅब्लेशन फसत असे. साओ पाउलोमध्ये एदुआर्दो सोसा आणि माउरिसिओ स्कानाव्हाका यांनी १९९६ मध्ये पाठीच्या भूलेसाठी वापरतात तीच वाकड्या टोकाची सुई छातीच्या हाडाच्या खालून, एक्स-रेखाली, हृदयावरणाच्या पोकळीत नेण्याची पद्धत मांडली. या पोकळीत एरवी द्रव अगदी थोडा असतो, त्यामुळे सुईचे टोक आणि धडकते हृदय यांत अंतर फार कमी असते. थेंब थेंब डाय सोडत पुढे जातात. डाय हृदयाच्या कडेने पातळ पडद्यासारखा पसरला की टोक योग्य जागी आले असे समजते, आणि मग तार आत सरकवतात. ती तार हृदयाला डावीकडून वळसा घालताना दिसल्याशिवाय त्यावरून मोठी नळी घालायची नाही, हा नियम आहे, कारण तार चुकून उजव्या निलयात गेली असेल तर तेवढ्याने फारसे बिघडत नाही, पण नळी गेली तर रक्तस्राव होतो. पद्धत धोक्याची आहेच. ती नेहमी करणाऱ्या केंद्रात आणि हृदयशल्यचिकित्सक हाताशी असतानाच व्हावी.

तुमच्या पत्नीसारख्या निरोगी हृदयाच्या रुग्णात मात्र शिखराच्या व्हीपीसींसाठी सुईपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते. आधी शेजारच्या जागांवरून प्रयत्न होतो : महाधमनीच्या झडपेचा डावा कप्पा, झडपेच्या लगेच खालचा डाव्या निलयाचा भाग, उजव्या बाजूने फुप्फुसधमनीचे तोंड, आणि मोठ्या शिरेच्या आतून. यांतल्या एका जागेवर ठोका सर्वांत आधी दिसतो असे नसते. तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी दिसला, तर उगम त्या तिन्हींच्या मधोमध, स्नायूच्या आत आहे असे समजावे. मग दोन बाजूंनी आळीपाळीने ऊर्जा देतात, किंवा दोन कॅथेटर पडद्याच्या दोन्ही अंगांना ठेवून विद्युतप्रवाह एकातून दुसऱ्यात नेतात. कॅथेटर थंड ठेवायला नेहमीच्या सलाइनऐवजी निम्म्या तीव्रतेचे सलाइन वापरले, तर कमी ऊर्जा रक्तात वाया जाते आणि डाग खोल जातो, मात्र स्नायूत वाफ होऊन फुटण्याची भीतीही वाढते.

याहून पुढचा उपाय अल्कोहोलचा. व्हीटीच्या जागेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीतून शुद्ध अल्कोहोल सोडून ती जागा मारण्याचे काम पेद्रो ब्रुगाडा यांनी १९८९ मध्ये मांडले होते. अलीकडे ह्यूस्टनच्या मिगेल व्हाल्देर्राबानो यांनी तेच शिरांच्या मार्गाने रुजवले. शीर निवडण्याचे तर्कशास्त्र सुंदर आहे : बारीक तार शिरेच्या शाखेत घालून तिच्या टोकाने विद्युतनोंद घ्यायची, आणि ज्या शाखेत ठोका सर्वांत आधी दिसेल तिथेच फुगा फुगवून अल्कोहोल द्यायचे. प्रत्येकाच्या शिरांची रचना वेगळी असते, योग्य शाखा नसेल तर हा मार्गच बंद. कॅथेटरच्या टोकातून सुई बाहेर काढून ती स्नायूत रोवायची आणि तिच्यातून ऊर्जा द्यायची, यावर जॉन सॅप आणि विल्यम स्टीव्हन्सन यांनी बरीच वर्षे काम केले आहे, परंतु ते साधन सर्वत्र उपलब्ध नाही.

पहाटवारा

मी रेडिओथेरपी विभागात भौतिकशास्त्रज्ञ आहे. किरणांनी व्हीटी बंद करण्याच्या पद्धतीबद्दल आमच्या विभागात पुष्कळ कुतूहल आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील कुकुलिच आणि रॉबिन्सन यांनी २०१७ मध्ये पाच रुग्णांवर एकाच बैठकीत २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) दिले, तो निबंध आम्ही वाचला. आधीच्या तीन महिन्यांत या पाच जणांत मिळून व्हीटीचे ६,५७७ प्रसंग झाले होते आणि नंतर ते जवळजवळ थांबले. आमच्या दृष्टीने कठीण प्रश्न हा, की श्वासाने आणि ठोक्याने दोन्हीकडे हलणाऱ्या लक्ष्यावर एवढी मात्रा द्यायची, आणि खाली जठर, शेजारी फुप्फुस. लक्ष्याची सीमा आम्हाला कोण आखून देणार?

हृद्गती

सीमा आखणे हेच आमचे काम आहे, आणि तिथेच ही पद्धत तरेल किंवा बुडेल. सेंट लुइसच्या गटाने छातीभोवती २५६ इलेक्ट्रोडचे जाकीट घालून व्हीटीचा उगम शोधला, आणि तो एमआरआय व इतर स्कॅनमध्ये दिसणाऱ्या व्रणाशी जुळवला. म्हणजे कॅथेटर न घालता उपचार झाले तरी जागेचा शोध टळला नाही. पुढे २०१९ मध्ये त्यांनी १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिणाम उत्साहवर्धक होते, पण फुप्फुसाचा दाह आणि हृदयावरणात पाणी साचणे असे त्रासही आढळले. इतक्या कमी रुग्णांवरून ही पद्धत नेहमीच्या उपचारांत आणू नये, असे माझे मत आहे. ज्यांचे अ‍ॅब्लेशन फसले, औषधे थकली, हृदयप्रत्यारोपण शक्य नाही आणि शॉक थांबत नाहीत, अशांसाठी ती नैतिक समितीच्या परवानगीने, अभ्यासाचा भाग म्हणून करावी. तरुण, निरोगी हृदयाच्या माणसाच्या व्हीपीसींसाठी तर मुळीच नाही. वीस-तीस वर्षांनी त्या धमन्यांचे काय होईल, याचे उत्तर आज कोणाकडे नाही.

दर्यावर्दी

मग पत्नीसाठी औषध घेत राहणे वाईट आहे का? व्हीपीसींचे प्रमाण १४ टक्के, इको नॉर्मल, त्रास फारसा नाही. प्रत्येक डॉक्टर अ‍ॅब्लेशनच सुचवतो.

हृद्गती

मुळीच वाईट नाही. इको नॉर्मल, एमआरआयमध्ये व्रण नाही आणि त्रास नाही, अशा वेळी बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) घेऊन किंवा न घेताही, ठरावीक काळाने होल्टर आणि इको करत थांबणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. ठोके मोजून ते कमी करणे हे स्वतःच ध्येय मानू नये. १९८९ मध्ये कास्ट अभ्यासाने झटका येऊन गेलेल्या रुग्णांत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी व्हीपीसी दाबल्या तेव्हा मृत्यू वाढल्याचे दाखवले, आणि आमच्या शाखेची त्याआधीची समजूत मुळापासून बदलली. तुमच्या पत्नीचे हृदय निरोगी असल्याने तो निष्कर्ष त्यांना थेट लागू होत नाही. मात्र पंपिंग उतरू लागले तर थांबू नका. व्हीपीसींमुळे बिघडलेले हृदय त्या बंद झाल्यावर पुष्कळदा पूर्ववत होते.

अंजनवेल

डॉक्टर, तुमच्या सांगण्यावरून रिपोर्ट मागवला. त्यात लिहिले आहे, की एक व्हीटी बंद झाली, दुसरी "मिड-मायोकार्डियल, सेप्टल" असल्याने थांबवता आली नाही. काल पुन्हा एकाच रात्रीत तीन शॉक बसले. आता बाबा आयसीयूमध्ये आहेत आणि शुद्धीवर आहेत.

हृद्गती

अंजनवेल, २४ तासांत तीन किंवा अधिक प्रसंग म्हणजे व्हीटीचे वादळ, आणि ते आयसीयूतच हाताळले पाहिजे, त्यामुळे तुम्ही योग्य ठिकाणी आहात. अशा वेळी प्रत्येक शॉक वेदनेने शरीरातली अ‍ॅड्रेनलिन वाढवतो आणि त्यातून पुढची व्हीटी येते. म्हणून शांत झोप लागेल असे औषध आणि बीटा ब्लॉकर हेच पहिले उपचार आहेत, सोबत अ‍ॅमिओडेरॉन. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासले का, नवीन झटका नाही ना, आणि आयसीडीतील पेसिंग वाढवून शॉक टाळता येतील का, हे विचारा. तरीही थांबत नसेल, तर मानेतल्या स्टेलेट गँग्लियन या मज्जाग्रंथीत भुलीचे इंजेक्शन देऊन हृदयाकडे जाणारी ती चेतना तात्पुरती बंद करता येते. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या साहाय्याने खाटेवरच ते देऊ शकतात, पण वडील रक्त पातळ करणारी औषधे घेत असतील तर ते त्यांना आधी सांगा. यातून मिळालेल्या काही दिवसांत पुढचे ठरवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रात डॉ. कल्याणम शिवकुमार यांच्या गटाने हीच चेतना शस्त्रक्रियेने कायमची तोडण्यावर मोठे काम केले आहे, आणि पडद्याच्या पोटातली जागा हाती लागत नसलेल्या रुग्णांत तो एक खरा पर्याय आहे.

रिपोर्टमधल्या त्या तीन शब्दांमुळे आता पुढचा प्रश्न नेमका विचारता येईल. पडद्याच्या पोटातली जागा असल्याने हृदयावरणातली सुई यात उपयोगाची नाही; दोन कॅथेटरची पद्धत किंवा पडद्याच्या धमनीतून अल्कोहोल, यांतले त्या केंद्रात काय होते आणि होत नसेल तर ते कुठे पाठवतील, हे डॉक्टरांना विचारा. पुढच्या केंद्रात जाताना मॅपिंगचा डेटा सीडी किंवा पेन ड्राइव्हवर, आयसीडीच्या नोंदींचे प्रिंट, बायपासचा शस्त्रक्रियेचा तपशील, जुनी आणि नवी अँजिओग्राफी, थायरॉइड व यकृताचे अहवाल, आणि व्हीटी चालू असतानाचा बारा लीडचा ईसीजी सोबत घ्या. हा ईसीजी काल रात्री आयसीयूत काढला गेला असेल, तर त्याची प्रत आजच मागा. फुले योजनेत यातला कोणता भाग बसतो, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून भरती होण्यापूर्वी लेखी घ्या, कारण मॅपिंगचे कॅथेटर हाच या खर्चातला मोठा वाटा असतो.